मदत हवी आहे: लॉनमोवरचा रंग सुरकुतला, लवकर सांगा

गंजबहाद्दर: पेट्रोलवरचा जुना सिलिंडर मोवर, म्हणजे फिरत्या दंडगोल पात्यांचं गवत कापायचं यंत्र, रंगवतोय. पहिला हात झकास बसला. दुसरा मारला आणि दहा मिनिटांत दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या! उरलेला रंग डब्यात घट्ट व्हायच्या आत सांगा.

पानापक्कड: रंग कुठला? थिनर कुठलं? दोन हातांत अंतर किती?

गंजबहाद्दर: हिरवा.

पानापक्कड: अहो, छटा नाही, जात विचारतोय. एनॅमल, एनसी (नायट्रोसेल्युलोज) की पीयू (पॉलियुरेथेन)?

गंजबहाद्दर: सिंथेटिक एनॅमल. दुसरा हात दुसऱ्या दिवशी सकाळी. टर्पेंटाइन संपलं होतं म्हणून एनसी थिनर घातलं. थिनर ते थिनरच ना?

पानापक्कड: तिथेच घोळ झाला. एनॅमल वरून साय धरतो, पोटात ओलाच असतो. एनसी थिनर जहाल. ते सायीत शिरून ती फुगवतं, पसरायला जागा नाही म्हणून सुरकुतते. आता वरून काही मारू नका. नख रुतायचं थांबेपर्यंत वाळू द्या, आठवडा तरी धरा. मग 320 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून घासा, नंतर 400. खोल सुरकुत्या असतील तिथे पत्र्यापर्यंत खरवडून प्रायमरपासून सुरुवात. पुढचे हात टर्पेंटाइन घालून, पातळ.

तेलकट: एनॅमलचा नाद सोडा. सगळा काढून इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) पीयू. टाकीवर पेट्रोल सांडलं की एनॅमल मऊ पडतो.

पानापक्कड: टाकीपुरतं मान्य, पण उघड्या पत्र्यावर. या ओल्या एनॅमलवर मारलं तर पुन्हा हाच तमाशा. आणि टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला घातक; फडकं बांधून स्प्रे करायची गोष्ट नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

तेलकट: मास्कशिवाय मारा असं म्हटलंय का मी?

जुनंच_बरं: मुळात रंगवलंच कशाला? मूळ रंग पुसून तेलाचा हात दिला असता तर शोभा राहिली असती. निदान खरवडताना कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

धारवाला: सिलिंडर आणि खालच्या पात्यात कागदाची पट्टी धरून हाताने फिरवा. पूर्ण लांबीवर कापली गेली तर ठीक, नाहीतर स्क्रूने पातं जवळ घ्या. बोटं लांब ठेवा.

पानापक्कड: हे विचारलंय कुणी?

गंजबहाद्दर: इंजिनवर ठिणगीची कॉइल बसते तिथेही रंग गेलाय. चालेल?

पानापक्कड: नाही. कॉइलचं अर्थिंग तिथूनच होतं. बोल्टखालची जागा चकचकीत खरवडा, नाहीतर ठिणगीच पडणार नाही. फिन्सवरही (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) जाड थर नको, इंजिन तापेल.

गंजबहाद्दर: बरं. पण आठवडा कशाला, हेअर ड्रायर मारला तर?

पानापक्कड: वरची साय आणखी जाड होईल, आतलं तसंच ओलं राहील. डब्याचं झाकण लावा आणि थांबा.