मदत हवी आहे: जिग्ज डिनर खारट झालं, डाळ कच्ची राहिली

मंडळी, मुक्काम सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड, कॅनडा. तळघरात भाड्याने राहतो. वर घरमालकीण आजी, सध्या मनगट मोडून हात प्लास्टरमध्ये. त्यांच्याकडे रविवारी दुपारी जिग्ज डिनर ठरलेलं. खारवलेलं बीफ, बटाटे, गाजर, कोबी, टर्निप आणि कापडी पिशवीत बांधलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ, सगळं एकाच पातेल्यात. मसाला म्हणाल तर शून्य. (१९१३ सालच्या एका चित्रमालिकेतल्या जिग्जला कॉर्न्ड बीफ आणि कोबी फार प्रिय, त्यावरून हे नाव.) "या रविवारी मी करतो," असं बोलून बसलोय.

काल रंगीत तालीम केली. किलोभर मांस नळाखाली दोनदा खळखळून धुतलं आणि सगळ्या भाज्या घालून दोन तास उकळलं. कोबीचा लगदा झाला. बटाटा तोंडात घातला तर मिठागरात पडल्यासारखं वाटलं. डाळीची पुरचुंडी सोडली तर बाहेरून पिठलं आणि मधे लिंबाएवढा करकरीत गोळा! डाळ रात्रभर भिजवली होती हो. कुकर लावावा का? आजींना कळलं तर त्या घराबाहेर काढतील, हा भाग वेगळा.

प्रतिसाद १:
वेंगुर्ला-मालवणकडचे दिसता, मग खारा बांगडा नुसता धुऊन कालवणात टाकता का? मांस आदल्या रात्री भरपूर थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते पाणी फेकून नवं घाला. उकळी आल्यावर चमचाभर चाखा, अजून खारट लागलं तर तेही ओता. वरून मीठ चिमूटभरसुद्धा नको, भाज्या त्याच पाण्यातलं घेतात.

पुरचुंडी घट्ट बांधलीत ना? डाळ फुगते, तिला जागा हवी. निम्मी पिशवी रिकामी सोडून गाठ मारा आणि मांसाबरोबरच सुरुवातीला सोडा. दीड-दोन तासांनी टर्निप आणि गाजर. तिथलं टर्निप म्हणजे आपलं पांढरं सलगम नव्हे, ते पिवळ्या गराचं रुटाबागा, चांगलंच टणक, म्हणून आधी. कोबीचे मोठे तुकडे आणि बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात. डाळ बाहेर काढून लोणी आणि मिरपूड घालून घोटा. कुकर नको, भाज्या टप्प्याटप्प्याने घालता येणार नाहीत.

प्रतिसाद २:
मोहरीचं लोणचं विसरू नका, त्यांचं, आपलं नव्हे. उरलेलं सोमवारी तव्यावर खरपूस परता. मला तर तेच जास्त आवडतं.

धागाकर्ता:
बांगड्याचा टोला बसला. आईला सांगणार नाही. शेवटची शंका: पिशवी फाटली, चक्का बांधायचं फडकं चालेल का?

प्रतिसाद १:
पळेल. आधी साध्या पाण्यात उकळून घ्या, नाहीतर आजी विचारतील डाळीला दह्याचा वास कसा.