फाईल आत ठेवली, पण पत्ता जुनाच

भाऊ, तुमचं हिशेबाचं ॲप जळगावला तुमच्या मॅकवर चालतं आणि रावेरच्या केळी व्यापाऱ्याकडे 'लायब्ररी सापडली नाही' म्हणतं, यात नवल नाही. डायलिब, म्हणजे ॲपला लागणारी लायब्ररीची फाईल, ॲपच्या आतल्या 'कंटेंट्स'मधल्या 'फ्रेमवर्क्स'मध्ये टाकणं हे निम्मंच काम. ॲप बांधताना लायब्ररीशी लिंक होतानाच लायब्ररीचा पत्ता प्रोग्राममध्ये कोरला जातो. लायब्ररी होमब्रूनं (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) आणलेली असेल तर तो 'ऑप्ट/होमब्रू'चा, इंटेल मॅकवर 'यूएसआर/लोकल'चा. व्यापाऱ्याकडे होमब्रू कशाला असेल?

टर्मिनलमध्ये 'ओटूल' या आज्ञेला कॅपिटल एल (-L) पर्याय देऊन पत्ते बघा. मग 'इन्स्टॉल नेम टूल'नं ते आरपाथवर (लायब्ररी कुठं शोधायची ते सांगणारा मार्ग) वळवा आणि आरपाथ फ्रेमवर्क्सकडे दाखवा. एक लायब्ररी दुसरीला बोलावते, तिचेही पत्ते तपासा. खरी गोम बहुतेक वेळा तिथंच असते. पत्ता बदलला की फाईलची डिजिटल सही मोडते, म्हणून ती सही करणारं कोडसाइन शेवटी: आधी आतल्या लायब्रऱ्या, मग ॲप. ॲपलच्या एम१ चिपपासूनच्या मॅकवर त्यांच्यासाठी बांधलेला कोड सहीशिवाय चालतच नाही.

ॲप क्यूटी (ॲप बांधायची लायब्ररी) वापरून केलं असेल तर तिच्यासोबतचं 'मॅकडिप्लॉयक्यूटी' यातलं बरंचसं स्वतःच करतं, तरी ओटूलनं खात्री कराच. आणि हो, चाचणीसाठी त्याच मॅकवर नवीन युजर काढून उपयोग नाही, होमब्रूचं फोल्डर सगळ्याच खात्यांना दिसतं. तात्पुरतं त्या फोल्डरचं नाव बदला, मग ॲप उघडा.