घाना: आईसोबत अक्रा आणि केप कोस्ट, लस, शाकाहारी जेवण, प्रवास

निशिगंधा_नाशिक
नमस्कार मंडळी. भाऊ नोकरीनिमित्त घानात तेमाला असतो, डिसेंबरअखेर आई आणि मी त्याच्याकडे निघालोय, मुंबईहून अदिस अबाबामार्गे. आई ६४ वर्षांची, पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, गुडघे दुखतात पण हिंडायची हौस दांडगी. केप कोस्टचा किल्ला बघायचाच असं तिने धरून ठेवलंय. पण ती हळवी आहे, तिथली गुलामांची तळघरं तिला झेपतील का? बाहेर खायला काय मिळेल? ट्रोट्रोने, म्हणजे तिथल्या वडाप मिनीबसने जावं की गाडी करावी? आणि यलो फीवरची लस घ्यावीच लागते का?

डॉ_मिलिंद
आधी लसीचं बघा ताई, बाकी सगळं नंतर. घानात शिरताना लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड लागतं आणि परत येताना आपल्या विमानतळावरही लागतं, नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. मात्र आईंचं वय साठीच्या वर आहे आणि पहिल्यांदाच घेणार असतील तर या वयात गंभीर रिअॅक्शनचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून सगळी औषधं आणि जुने आजार डॉक्टरांना सांगून निर्णय त्यांच्यावर सोडा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या, तिथे मलेरिया वर्षभर असतो.

अक्राकर
मी अक्रात बरीच वर्षं काढली, खाण्याची काळजी करू नका पण विचारून खा. "नो मीट" एवढंच म्हटलं तर मासा चालतो असं समजतात, त्यामुळे "नो मीट, नो फिश" दोन्ही म्हणायचं. रेड रेड म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळच समजा, सोबत तळलेली पिकली प्लांटेन केळी, आईंना नक्की आवडेल, फक्त उसळीत कधीकधी सुका मासा टाकतात तेवढं विचारा. वाचे म्हणजे भात आणि चवळी ज्वारीच्या पानांसोबत शिजवतात, त्याने भाताला तांबूस रंग येतो, सकाळी गरमागरम घ्यायचा, पण वर शितो नावाची काळी चटणी घालायला लागल्या की हात आडवा करायचा कारण त्यात सुकी मासळी असते. केलेवेले मात्र बिनधास्त, आलं-मिरची लावून तळलेल्या केळ्याच्या फोडी, संध्याकाळी रस्त्यावर वास आला की पाय आपोआप थांबतात. अक्रातल्या ओसू भागात भारतीय हॉटेलंही आहेत. वेळ मिळाला तर आईंना अक्रातल्या हिंदू मठातही न्या, स्वामी घनानंद सरस्वतींनी १९७५ साली सुरू केलेला, स्वामी स्वतः घानाचेच होते आणि आरतीला येणारी बरीच मंडळीही तिथलीच.
आणि हो, पैसे किंवा वस्तू डाव्या हाताने देऊ नका, फार वाईट दिसतं.

सह्याद्री_ते_सहारा
ट्रोट्रोबद्दल. ती भरल्याशिवाय हलत नाही, केप कोस्टची अक्रातल्या कानेशी स्टँडहून सुटते आणि शेवटची सीट भरेपर्यंत उकाड्यात बसून राहावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जाचक आहे. तेव्हा लांबच्या प्रवासाला ड्रायव्हरसकट गाडी करा. अक्रात मात्र एकदा तरी ट्रोट्रोत बसाच, दारात लटकून "सर्क सर्क सर्क" (म्हणजे सर्कल चौक) ओरडणारा मेट, म्हणजे कंडक्टर, बघितल्याशिवाय अक्रा बघितलं असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात परदेशातले घानायन घरी येतात, हॉटेलं महागतात, आत्ताच बुक करा. केप कोस्टजवळच्या काकुम जंगलातला झुलता पूल सुंदर आहे, ७ पूल मिळून ३५० मीटर, पण तिथवर दगडी पायऱ्यांची चढण आहे, आईंना खाली जंगलातच फिरवा.

अक्राकर
गाडीचं पटलं. दिवसाउजेडीच परता, रात्री त्या रस्त्यावर नको.

मेघना_व्ही
किल्ल्याबद्दल मी सांगते. खरं सांगायचं तर जड जातं. पुरुषांच्या कोठडीत वर भिंतीला छोटे झरोके, बाकी काळोख, आणि त्या कोठडीच्या बरोबर वर चर्च, गाइड हे सांगतो तेव्हा कोणीच काही बोलत नाही. मला वाटतं हळव्या माणसानेही हे बघावं, फक्त आईंना आधी कल्पना द्या आणि कोठडीत उतरायचं नसेल तर अंगणात बसू द्या, तिथून समुद्र दिसतो. ज्या दारातून लोकांना जहाजावर चढवत त्याच्या बाहेर आज कोळ्यांच्या रंगीत होड्या आणि जाळी असतात. १९९८ साली जमैका आणि अमेरिकेतून दोन गुलामांचे अवशेष याच दारातून आत आणले आणि असिन मान्सोला पुरले. तेही गाव बघा, कुमासीच्या रस्त्यावर आहे, पकडून आणलेल्यांना तिथल्या नदीवर शेवटची आंघोळ घालत. एल्मिनाचा किल्ला तर पोर्तुगीजांनी १४८२ ला बांधायला घेतला, तो जवळच आहे, पण दोन्ही एका दिवसात करू नका, मन थकतं.

निशिगंधा_नाशिक
सगळ्यांचे खूप आभार. लसीसाठी उद्याच डॉक्टरांना फोन करते. मेघनाताई, असिन मान्सोचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली तिथे नक्की जायचं. आता गाडीवाल्याचं भावाला विचारते.