प्रतिसाद: विचार नंतर, दोस्ती आधी

तरुण अतिरेकी का होतात या चर्चेत 'गरिबी आणि अशिक्षितपणा हेच मूळ' असं मत आलंय. ते पुरेसं नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातला जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा गट बघा: शिकलेली मुलं, बरीचशी विद्यार्थी, एकाच फ्लॅटवर राहणारी, एकत्र जेवणारी. आधी टोळकं जमलं, मग ते टोकाला गेलं. दहशतवादाचे अभ्यासक मार्क सेजमन यांनी तपासलेल्या १७२ जिहादींपैकी सुमारे दोन-तृतीयांशांची मैत्री जिहादी चळवळीत शिरण्याआधीची होती. सख्खे भाऊही वारंवार दिसतात: बोस्टन २०१३ आणि पॅरिस २०१५ चे हल्ले बघा.

संगोपनाचा भाग जरा गुंतागुंतीचा आहे. कडक शिस्त किंवा धार्मिक घर एवढ्याने कुणी अतिरेकी होत नाही. तशी कोट्यवधी घरं आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र काही घरांत सशस्त्र गटात राहून तुरुंगवास भोगलेला आजोबा किंवा काका हाच मुलाचा नायक असायचा. तिथे वेगळ्या भरतीची फारशी गरजच नसते.

अशा गटात ओढल्या गेलेल्या मुलाच्या घरच्यांची नेहमीची चूक म्हणजे विचारधारेवर वाद घालणं, आणि शेवटी 'ते सोड नाहीतर घर सोड' असं सुनावणं. गटाला हेच हवं असतं, कारण बाहेरचा शेवटचा धागा तुटतो. त्याऐवजी त्याच्याशी फोनवर बोलणं चालू ठेवा, जेवण, झोप, काम याबद्दल विचारा. जुने मित्र अचानक गळाले असतील तर ती खूण कपड्यांपेक्षा, दाढीपेक्षा महत्त्वाची. नॉर्वेत १९९७ मध्ये सुरू झालेल्या, तरुणांना वंशद्वेषी गटांतून बाहेर पडायला मदत करणाऱ्या 'एक्झिट' उपक्रमाने म्हणूनच पालकांचे गट बांधले. बाहेर पडणाऱ्याला नवी मित्रमंडळी मिळाली नाहीत, तर एकटेपणात तो जुन्यांनाच फोन लावतो.