रोज तेच वर्तुळ काढून काय मिळतं?

रेघोटी: चित्राला किंवा लेखनाला बसण्याआधी रोज एक ठरलेली कृती करावीच, असं माझं ठाम मत आहे. उदाहरणार्थ, एक ब्रश, सारख्या मापाचे १० कागद, प्रत्येकावर एक वर्तुळ. १५ मिनिटांत खेळ खलास. विषय, रंग, आकार काहीच ठरवायचं नसतं, त्यामुळे सगळं लक्ष हातावर राहतं. ब्रश टेकवून क्षणभर रेंगाळलात की तिथे शाईचा डाग फुगतो. नुसत्या मनगटाने फिरवलात तर मोठं वर्तुळ मध्येच अडखळतं. खांद्यातून हात फिरला की रेघ वाहती होते. मनाची घालमेल शमवायला याहून साधा उपाय नाही.

आडवाट: शेवटचं वाक्य धोक्याचं आहे. घालमेल शमते म्हणून कृती, कृती चुकली म्हणून जास्त घालमेल: मंत्रचळेपणाचं, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं, चक्र असंच फिरतं. त्यावरच्या उपचारात ती कृती मुद्दाम न करता अस्वस्थता सोसायला शिकवतात. तुम्ही नेमकं उलट सांगताय. शिवाय 'वर्तुळं झाली नाहीत, आता आज लिहिणं नको' ही पळवाट आयतीच मिळते.

रेघोटी: आजाराबद्दलचं म्हणणं मान्य, ते वाक्य मागे घेते. पण पुनरावृत्ती म्हणजे साचलेपण नव्हे. चित्रकार रोमान ओपाल्का यांनी १९६५ मध्ये १ पासून आकडे रंगवायला घेतले आणि २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ५६,०७,२४९ वर पोचले. १९७२ पासून प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या पार्श्वभूमीत ते १ टक्का पांढरा वाढवत गेले. कृती तीच, पण पांढरे आकडे हळूहळू पांढऱ्यात विरत गेले!

मोजपट्टी: खंड पडण्याची एवढी धास्ती नको. संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस असा बदलला. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडलं नाही. म्हणून आठवड्यातून एकदा वर्तुळांना मुद्दाम सुट्टी द्या आणि थेट कामाला बसा. त्या दिवशी हात चालला तर सवय निरोगी आहे.

आडवाट: सुट्टीची अट मला पटली. रोजची ठरलेली कृती म्हणजे रोजनिशी लिहिणं असेल, तर मात्र तेवढी सुट्टी पुरणार नाही. तिथे तेच दुःख त्याच शब्दांत उगाळलं जातं आणि लिहून झाल्यावर मन आणखी जड होतं. सलग तीन दिवस तेच वाक्य उमटलं, तर चौथ्या दिवशी वही मिटून पायी फिरून यावं.