'आर्काइव्ह' आणि 'कॉम्प्रेस': मराठीत काय म्हणावे?

लिनक्सच्या मराठी मार्गदर्शिकेसाठी हे दोन शब्द हवे आहेत. कोशात 'अभिलेखागार' आणि 'संपीडन' सापडतात. टार या आज्ञेने तयार होणाऱ्या फाइलला अभिलेखागार म्हणता येईल का?

*

नको. अभिलेखागार ही कागद ठेवायची जागा. टारमधून निघते ती एक फाइल. 'टार' म्हणजे 'टेप आर्काइव्ह'. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही आज्ञा आली, ती फायली चुंबकीय फितीवर ओळीने उतरवण्यासाठी. आजही ती तेवढेच करते. प्रत्येक फाइलीआधी ५१२ बाइटांची चिठ्ठी, तीत नाव, मालक, परवानग्या, तारीख. मग मजकूर, ५१२ च्या पटीत भरून काढलेला. सगळ्यात शेवटी ५१२ बाइटांचे दोन कोरे ठोकळे. यात आकार कमी होतच नाही. एका अक्षराची फाइल टार केली तर १०,२४० बाइट होतात, कारण टार वीस-वीस ठोकळ्यांच्या मापानेच लिहितो. म्हणून नाम 'गठ्ठा', क्रियापद 'बांधणे'.

*

'रुमाल'ही विचारात घ्या. पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधलेले असत आणि अभ्यासक रुमाल 'सोडून' कागद पाहत. आज रुमाल म्हटले की खिशातला आठवतो, तेव्हा नाम गठ्ठाच बरे. पण 'सोडणे' हे क्रियापद मात्र जरूर घ्यावे. टारला काय करायचे ते एकेका अक्षराने सांगतात: 'एक्स' म्हणजे गठ्ठा सोडणे, आणि 'टी' म्हणजे न सोडता आतली यादी वाचणे.

*

'कॉम्प्रेस'साठी 'आवळणे' सुचवतो. 'संपीडन' वाचून डोळ्यांपुढे हवेचा पंप येतो. बांधणे आणि आवळणे ही दोन वेगळी कामे आहेत हे वाचकाला शब्दांतूनच कळले पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. जीझिप या आवळणाऱ्या प्रोग्रॅमला गठ्ठा बांधता येत नाही. फोल्डर दिला तर तो बाजूला टाकतो. मागच्या ३२ किलोबाइटांत तोच मजकूर आलेला दिसला की 'इतके मागे, इतके लांब' एवढीच खूण तो ठेवतो. युनिकोड मराठी यात छान आवळते: यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच. जेपेग फोटो आधीच आवळलेले असतात, तिथे हाती काही लागत नाही.

झिप या दुसऱ्या प्रोग्रॅमचा क्रम टार आणि जीझिपच्या जोडीच्या उलटा. तो एकेक फाइल आवळतो आणि मग बांधतो, त्यामुळे एकच फाइल चटकन काढता येते. टार-जीझेडमध्ये, म्हणजे या जोडीच्या फाइलीत, आधी बांधणे, मग सगळे एकत्र आवळणे. एकसारख्या बारीक फायली असतील तर हा गठ्ठा लहान होतो, पण मध्ये कुठे बिघडला तर तिथून पुढचा मजकूर सहसा हाती लागत नाही.

*

शब्द ठरले, आता टारला द्यायच्या अक्षरांचा क्रमही मार्गदर्शिकेत ठळक द्या: 'सी' म्हणजे बांधणे, 'झेड' म्हणजे जीझिपने आवळणे, 'एफ' म्हणजे पुढे गठ्ठ्याचे नाव. 'एफ'च्या लगेच पुढे गठ्ठ्याचे नावच हवे. 'सी-झेड-एफ' बरोबर. अक्षरांआधी आडवी रेघ देऊन 'सी-एफ-झेड' लिहिले तर 'झेड' हेच नाव समजून त्या नावाचा, न आवळलेला गठ्ठा तयार होतो. त्याहून वाईट म्हणजे नाव विसरून नुसता तारा (*, म्हणजे 'इथल्या सगळ्या फायली') देणे: वर्णक्रमाने पहिली येणारी फाइलच गठ्ठ्याचे नाव ठरते आणि तिच्यातला मजकूर पुसला जातो.

*

'डीकॉम्प्रेस'ला 'उलगडणे' घ्यावे, 'सोडणे' नको. ते गठ्ठ्यासाठी राहू द्या. आणि जिथे 'आवळा' असे सांगाल तिथेच लिहा की जीझिप काम झाल्यावर मूळ फाइल काढून टाकतो. ती ठेवायची असेल तर 'के' द्यावा लागतो.