एक उंबर पाडला, 60 रोपं लावली. हिशोब जमला का? (मत सांगा)

उंबरखालचा (संभाजीनगर):
आमच्या कॉलनीच्या तोंडाला एक उंबर होता. वय कुणालाच माहीत नाही, पण इथं प्लॉटिंग पडायच्या आधी शेत होतं आणि उंबर विहिरीच्या काठावर उभा होता एवढं जुने लोक सांगतात. रस्ता रुंद करायचा म्हणून मार्चमध्ये पाडला. बदल्यात डिव्हायडरवर आणि ओपन स्पेसमध्ये 60 रोपं लावली, फोटो बिटो झाले, नारळ फुटला. सगळे सप्तपर्णी, गुलमोहर, पेल्टोफोरम आणि कडेला कोनोकार्पस. आता गुलमोहराची ती लाकडासारखी शेंग कोणता बुलबुल खाणार मला सांगा. सप्तपर्णीच्या शेंगेतून नुसता कापूस उडतो.

मी पक्षीवाला वगैरे नाही, बँकेत नोकरी करतो, फक्त सकाळचा चहा गच्चीवर घ्यायची सवय. त्या उंबरावर बुलबुल, तांबट, साळुंक्या, कोकिळा, हळद्या हे रोजचे गिऱ्हाईक, थंडीत भोरड्यांचा थवा, आणि दोन वर्षांपूर्वी एकदा हरियाल आले होते, अकरा मोजले. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी बरं का, हिरवट पारवा, खाली जमिनीवर क्वचितच उतरतो, वड पिंपळ उंबर एवढंच त्याचं गाव. आता आमच्याकडं कबुतरं आहेत. भरपूर आहेत.

माझं म्हणणं असं की झाडं मोजणं बंद करा, ताट मोजा. हिवाळ्यात बोरं, उन्हाळ्यात वड पिंपळ, मग भोकर, जांभूळ, मग लिंबोळ्या. आणि मधे जेव्हा कुणाकडंच काही नसतं तेव्हा उंबर, कारण तो वर्षातून कितीदा तरी लागतो आणि सगळे उंबर एकदम लागत नाहीत, ह्याचा संपला की त्या गल्लीतल्याचा पिकतो. म्हणजे एक उंबर गेला की त्या महिन्याचं दुकानच बंद. 2021 ला झाडांच्या कायद्यात बदल झाला, 50 वर्षं किंवा त्याच्या वरचं झाड हेरिटेज धरायचं आणि तोडलंच तर त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. चांगलंय, पण कोणती रोपं? 60 गुलमोहर म्हणजे उंबर होत नसतो.

पार्किंग_पीडित:
भाऊ तुम्ही गच्चीवरून बघता, आम्ही खालून बघतो. आमच्या सोसायटीत असाच एक उंबर आहे. पिकला की रात्रभर टप टप टप, सकाळी गाडी धुवायची, संध्याकाळी परत तेच. खाली चिखल, माश्या, आंबूस वास, आमच्या आई त्या सड्यावरून घसरल्या आणि दोन महिने प्लास्टरमध्ये होत्या. फांदी कापा म्हणलं तर चार जण पुढं येतात, दत्ताचं झाड आहे हात लावायचा नाही. ड्रेनेजच्या लाईनमध्ये मुळ्या गेल्या त्याचा खर्च दत्तानं नाही दिला, आम्ही वर्गणी काढून दिला. पक्ष्यांसाठी हिमायत बाग आहे, सिद्धार्थ गार्डन आहे, विद्यापीठाचा एवढा डोंगर आहे. शहर माणसांसाठी असतं, इथं गुलमोहरच बरा. राग आला तर येऊ द्या.

उंबरखालचा:
राग नाही आला. आईंना आता बरं आहे ना? पण एक सांगा, गुलमोहराची फांदी वाऱ्यात गाडीवर पडली तर ती पण वर्गणीतच जाते, ते लाकूड किती ठिसूळ असतं माहितीये ना.

बांधावरची (जिंतूर):
शहरवाल्यांना पाखरं लई गोड लागतात कारण ती तुमचं काही खात नाहीत. भोरड्या ज्वारीवर उतरल्या की डबे बडवून हात दुखतात आमचे. पोपट तर नुसतं टोचून फेकतो, खात पण नाही धड.

पण मला वेगळंच बोलायचंय. तुम्ही सगळे म्हणता शहर वाढलं मनून पाखरं गेली. काहून? मह्या माहेरी बांधावर भोकर, बोर, लिंब, उंबर, चंदनाची चार झाडं होती. चंदन कुणी लावलं नव्हतं, पाखरांनीच आणलेलं, नंतर एका रात्रीत चोरांनी नेलं ते सोडा. आता भावांच्या वाटण्या झाल्या, बांध वितभर राहिला, जेसीबीनं बोरी काढल्या, सावली पडते मनून लिंब काढला, सगळीकडं सोयाबीन आणि त्याच्यावर फवारा. मी दिवाळीला संभाजीनगरला बहिणीकडं गेले तर तिच्या गल्लीत आमच्या शिवारापेक्षा जास्त बुलबुल. खरंच सांगते. तिच्या दारात ती सिंगापूर चेरी आहे, दिवसभर चिवचिवाट. मनून शहराला एकट्याला नावं ठेवू नका, आधी खेड्यात येऊन बघा बांध.

लातूरचा_मास्तर:
ताई अगदी बरोबर बोलूलालाव, आमच्या लातूर जिल्ह्यात तर जंगल नावालाच, जी काही फळझाडं पाखरांना होती ती बांधावर आणि रस्त्याच्या कडेला होती, रस्ते चौपदरी झाले तेव्हा वड गेले आणि ट्रॅक्टर आले तेव्हा बांध गेले.

आता दोन गोष्टी, आणि पहिली धागा काढणाऱ्यांना आवडणार नाही. फळ खाणारा प्रत्येक पक्षी झाडं लावतो असं नसतं. ज्या हरियालाचं एवढं कौतुक केलं तो उंबराचं बी पोटातल्या खड्यांनी दळून टाकतो, पोपट चोचीनंच फोडतो. म्हणजे ते नुसते जेवून जाणारे पाव्हणे. पेरणारे म्हणजे बुलबुल, तांबट, कोकिळा, साळुंकी, कावळा. ते बी अख्खं गिळतात, गर पचवतात आणि बी लांब जाऊन टाकतात. लिंबोळीचं बी तर काही आठवड्यातच मरतं, वेळेत कुणी उचलून नेलं नाही तर आईच्याच सावलीत कुजतं. (आणि हो, पिंपळ कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय उगवतच नाही हे खरं नाही, गर निघाला की बरं उगवतं एवढंच.)

दुसरी गोष्ट. हे पेरणारे पक्षी शहरात आजही आहेत, ताई म्हणतात तसे खेड्यापेक्षा जास्त असतील. म्हणजे खाणारा आहे, पेरणारा आहे. मग नवीन उंबर का दिसत नाही? कारण बी पडतं कुठं, तर पेव्हर ब्लॉकवर, स्लॅबवर, कारच्या टपावर. तुमचं शहर 52 दरवाजांचं, त्या दरवाजांच्या चिरांमधून पिंपळ आणि वड कसे बाहेर आलेत बघितलंय का? ते कुणी लावलेत? पाखरांनी रोजचं काम केलं, फक्त माती सापडली नाही म्हणून दगडात केलं. मग आपण म्हणतो पुरातत्त्वाचं नुकसान झालं, तेही खरंच आहे, उपटावंच लागतं. पण शहरात पाखराच्या चोचीतून आलेलं एकही रोप आपण मोठं होऊ देत नाही. बागेत उगवलं तर माळी तण म्हणून काढतो, भिंतीत उगवलं तर आपण काढतो, आणि मग नर्सरीतून सप्तपर्णी विकत आणतो.

पार्किंग_पीडित:
थांबा, म्हणजे आमच्या पाण्याच्या टाकीच्या बुडाशी दरवर्षी पिंपळ येतो तो बुलबुलाचा प्रताप? मी वॉचमनला बोलत होतो.

मोसंबीवाला_जालना:
बुलबुलाचं एवढं कौतुक चाललंय मनून विचारतो, घाणेरी म्हणजे टणटणी कोण पसरवतं? आमच्या पडीक रानात सगळी टणटणी माजलीये, तिची काळी फळं हाच बुलबुल खातो. त्यानं उंबर लावला तर पुण्य आणि घाणेरी लावली तर काय?

लातूरचा_मास्तर:
त्याला काय कळतंय पुण्य. ताटात जे वाढाल ते तो पेरणार. उंबर काढून घाणेरी ठेवली तर घाणेरीच येणार ना.

गौताळ्याचा_भटक्या:
सगळे झाडांवरच अडकलेत. मला विचाराल तर शहरात पक्ष्यांचं जास्त नुकसान कंपाउंड वॉलनं केलं. आधी प्लॉटला काटेरी कुंपण असायचं, त्याच्यावर रानतोंडल्याचा वेल, पिकून लालभडक झालेली तोंडली बुलबुल फोडून खायचे. गुळवेल असायचा, मादी वेलाला हिवाळ्यात लाल मण्यांचे घोस (नराला फळ येत नाही, लोक उगाच वाट बघत बसतात). कोरोनात लोकांनी काढ्यासाठी गुळवेल मुळासकट ओरबाडला, राहिलेला भिंती बांधताना गेला. कोपऱ्यात कामोणी उगवायची तीही तण म्हणून गेली. ही छोटी फळं छोट्या चोचीची असतात, चष्मेवाला (डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला चिमुकला पक्षी) काय अख्खा उंबर गिळणार आहे का.

आणि तांबटाचं कुणीच बोललं नाही. त्याला फळ लागतं तसं घरही लागतं, वाळलेल्या मऊ फांदीला तो स्वतः भोक पाडतो. पावसाळ्याच्या आधी वाळक्या फांद्या सगळ्या उडवल्या जातात, लाईनला लागतात म्हणून. लाईनपासून लांबची एखादी तरी राहू द्या.

उंबरखालचा:
मास्तर, हरियालाचं वाचून जरा वाईट वाटलं, मी त्याच्या नावानंच भांडत होतो. असू दे, जेवायला आलेल्याला परत पाठवायचं थोडीच. पण तुमचा माती सापडत नाही वाला मुद्दा डोक्यात बसला. मी पण ताटाचंच बोलत होतो, पेरणीचं डोक्यातच नव्हतं. आणि बांधावरच्या ताई, सिंगापूर चेरीबद्दल एक शंका, ती बाहेरची आहे ना? चालते का मग?

बांधावरची (जिंतूर):
पाखराला आधार कार्ड बघता येत नाही भाऊ.

लातूरचा_मास्तर:
चालते, पण तेवढीच लावून मोकळं होऊ नका. आणि शोभेचे विदेशी फायकस (वड-उंबराचेच भाऊबंद) लावून उंबराची भरपाई झाली असंही धरू नका. उंबर वडाचं फूल फळाच्या आत असतं, आणि प्रत्येक जातीची आपली वेगळी बारीक चिलटं असतात, तीच आत शिरून परागीभवन करतात. ज्या झाडाचं चिलट इथं नाही त्याचं फळ दिसायला फळ, आतलं बी फोल. उंबर फोडला की आत चिलटं निघतात म्हणून लोक नाक मुरडतात, अहो ती नसती तर बी धरलंच नसतं.

पार्किंग_पीडित:
बरं माझं ऐका. मी विरोधातच आहे, पार्किंगमध्ये उंबर नकोच, उद्या पण हेच म्हणणार. पण आमच्या ओपन स्पेसच्या मागच्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडं, पडीक जागा आहे, तिथं कुणी गाडी लावत नाही. तिथं दोन तीन झाडं लावली तर माझं नाव विरोधात धरू नका. टाकीखालचा पिंपळ पण तिथंच नेता येतो का? उपटून फेकायचाच आहे तर.

गौताळ्याचा_भटक्या:
येतो, लहान असला तर पावसाळ्यात मुळी न तुटता काढा, नाहीतर जगत नाही. मुळी विटांच्या आत गेली असेल तर नाद सोडा. वडाची मनगटाएवढी फांदी लावली तरी फुटते. आणि कडेनं भोकर लावा, लोणच्यासाठी बायका पण सांभाळतील.

मोसंबीवाला_जालना:
बोर पण लावा. लेकरं दगड मारतील तेवढं सोसा.

बांधावरची (जिंतूर):
लावणारे लई झाले. एप्रिलात पाणी कोण घालणार ते नाव सांगा आधी. तुमच्याकडं नळाला म्हणे आठ आठ दिवसांनी पाणी येतं.

उंबरखालचा:
माझं लिहा. आरओचं वाया जाणारं पाणी रोज एक बादली निघतं घरी, तेच नेतो. उन्हाळ्यात दोन आठवडे गावी असतो, तेवढ्या दिवसांचं कुणीतरी बघा.

पार्किंग_पीडित:
वॉचमनला सांगतो. त्याच्यावर उगाच ओरडलो होतो पिंपळावरून, आधी ते मिटवावं लागेल.